मुळावर

बर्गनहून इंग्विल्ड नावाच्या बाईंनी विचारलंय:
जटामांसीचं तेल हवंय, दहा मिलीची एकच बाटली,
झोप लागत नाही म्हणून.
पण आधी सांगा,
हे कुणाच्या मुळावर येऊन तर काढलेलं नाही ना?
(त्यांचे शब्द वेगळे होते. अर्थ हाच.)

जुम्लात आज ऊन आहे, टॉवरला वीज आहे,
म्हणजे उत्तर टाळायला कारण नाही.
मी जसुधा रोकाया, संस्थेची कारकून.
वजनाची वही, पार्सलांच्या पावत्या
आणि परक्या देशातल्या माणसांची मनःशांती,
तिन्ही माझ्याच टेबलावर.

लिहिलं: आमच्याकडे प्रमाणपत्र आहे.
खोडलं.
त्यावर हिरवं पान आहे, शिक्का आहे,
काठमांडूच्या साहेबांची सही आहे.
साहेब वर चढलेच नव्हते.
गुडघे धरले म्हणाले,
खालीच फापराची रोटी खाल्ली
आणि कुरण दुर्बिणीतून पाहिलं.

लिहिलं: लेबलवरची बाई बघा, किती समाधानी हसतेय.
खोडलं.
ती मास्तरांची मेहुणी.
नखं स्वच्छ होती म्हणून उभी केली.
खणणारी दिलमाया बुढा, तिने डोक्यावरचं फडकं
तोंडावर ओढलं,
म्हणाली, तोंड विकायला काढू नका,
मुळं काय ती न्या.

मग खरं तेच लिहायला घेतलं.
की दोन दिवस चढायचं.
की कार्तिकात, बी गळून पडल्यावरच.
की एक उपटायचं तर शेजारची राखायची,
खड्डा उघडा टाकायचा नाही,
आणि या उतारावर पुन्हा कुटो लावायचा
तो पाच वर्षांनी.
की पूर्वी खेचरवाला यायचा, त्याच्या तराजूत
एक दगड कायमचा मुक्कामाला असायचा.
आमच्या तोंडाला पानं पुसून तो मुळं घेऊन जायचा.
आता तराजू आमचा आहे.
दगड दिलमायाने घरी नेलाय,
त्यावर ती मीठ वाटते.

इथवर ठीक होतं.
मग अर्जातला तो रकाना आला:
कामावर मुलं आहेत का? हो. नाही.

नरजित नऊ वर्षांचा, दिलमायाचा नातू.
बाप कतारला, आई परत आली नाही,
कार्तिकात गावात उरतात ती कुत्री आणि आजारी माणसं.
त्याला कुणाच्या भरवशावर ठेवणार?
तो आजीबरोबर वर असतो.
'हो' वर खूण केली तर शिक्का जातो.
'नाही' वर केली तर मी खोटी पडते.
दोन्ही चौकोन तसेच सोडले
आणि खाली लिहिलं: एक मुलगा आहे. आजीबरोबर येतो.
पाठवलं. पोटात गोळा आला.
अध्यक्षांना अजून सांगितलेलं नाही.

अकरा दिवसांनी बर्गनहून एकच ओळ:
तो तिथे काय करतो?

मला माहीत नव्हतं.
सात वर्षं मी हे तेल विकते,
आणि मला माहीत नव्हतं.
दिलमाया मीठ न्यायला खाली आली तेव्हा विचारलं.
तिला हसू आलं. काय करणार, म्हणाली, मोजतो.
उपटलेली?
छे, ती मी मोजते, तिचे पैसे मिळतात.
तो राहिलेली मोजतो.
कुठल्या दगडामागे किती सोडली, सगळं त्याच्या तोंडी.
मागच्या वर्षी मी एक चोरून काढलं,
तर पोरगं दोन दिवस माझ्याशी बोललं नाही.

खिडकीपाशी भट्टी गार होत होती,
त्या ओल्या मातीसारख्या वासाने
माझे डोळे जड झाले.
वाटलं, सगळंच लिहावं.
मग वाटलं, हे कुठल्या रकान्यात बसवतील?

लिहिलं: मोजतो.
खाली बाटलीची किंमत.
टपालखर्च वेगळा.